नाही, आणि सापडलं नाही

गाडी मिस्त्रीच्या दारात आली की गुणी लेकरासारखी वागते. रस्त्यात दहा वेळा बंद पडलेली गाडी गॅरेजसमोर पहिल्या किकला सुरू होते. मालक ओशाळतो. "मगाशी खरंच बंद पडली हुती ओ," म्हणताना त्याचा चेहरा खोटं बोलताना सापडलेल्या पोरासारखा होतो. मिस्त्री हसतो, गाडीवर एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "काय न्हाई गाडीत. जावा घिऊन."

हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा बोललो असेन. त्यातलं एक मला अजून आठवतं, कारण ते खोटं होतं. बोलताना मला ते खोटं वाटत नव्हतं, एवढीच काय ती सबब.

दहावीला गणितात गचकलो आणि गावाकडनं कोल्हापुरात आलो. मंगळवार पेठेत, खासबाग मैदानापासून हाकेच्या अंतरावर, एका बोळाच्या तोंडाला गॅरेज होतं. दहा बाय बाराचा गाळा, पुढं पत्र्याची पडवी, आणि उरलेलं सगळं काम रस्त्यावर. मिस्त्री पेठेतलेच. तरुणपणी तालमीत घुमलेले, कान मोडलेले, म्हणून सगळे त्यांना वस्ताद म्हणायचे. फुटबॉलची मॅच असली की अख्खी पेठ स्टेडियमवर लोटायची आणि आम्ही दोघंच ऑइलच्या वासात बसलेलो असायचो. वस्तादांना फुटबॉलचं वेड नव्हतं असं नाही. पण गिऱ्हाइकाला दिलेली वेळ मोडायची नाही, हा त्यांचा हट्ट.

इंजिनाचं काम मला लवकर जमलं. इंजिन बिघडलं की बिघडलेलंच राहतं. पिस्टन घासला तर घासलेला दिसतो, रिंग गेली तर धूर येतो. वायरिंगचं तसं नसतं. वायरिंगचा बिघाड येतो आणि जातो. प्लास्टिकच्या आत वायरीचे धागे तुटलेले असतात, एखादाच धागा शाबूत राहतो. हँडल डावीकडं वळवलं की तो टेकतो, उजवीकडं वळवलं की सुटतो. मीटर लावला तर मीटर म्हणतो वायर शाबूत आहे, कारण मीटरला एक धागाही पुरतो. त्याच वायरीवर टेस्टिंगचा दिवा लावला, तिच्यावर ओझं टाकलं, तर दिवा मिणमिणतो. तशीच एखादी पिकअप कॉइल. गार असताना ठणठणीत, इंजिन तापलं की आतली तार सुटते आणि स्पार्क जातो. माणूस गाडी ढकलत गॅरेजला आणेपर्यंत कॉइल गार झालेली असते. म्हणजे पुरावा घेऊन यायला निघालेल्या माणसाच्या हातातून पुरावा वाटेतच गळून पडतो.

आमच्याकडं एक दूधवाले तात्या यायचे. गगनबावडा रस्त्याला, बालिंग्याच्या पुलापलीकडं त्यांचं गाव. घरच्या चार म्हशी, शेजारपाजारचं दूध, असं गोळा करून पहाटे शंभर सीसीच्या गाडीवर शहरात आणायचं, रंकाळ्यापासून रतिबाला सुरुवात करायची आणि मंगळवार पेठेत कॅन रिकामे करून नऊ-साडेनऊला परत फिरायचं. मागं लोखंडी कॅरिअर, दोन्ही बाजूंना 40 लिटरचा एकेक कॅन.

1999 च्या जानेवारीत ते पहिल्यांदा तक्रार घेऊन आले. "गाडी मधीच बंद पडतीया. ह्यो पेट्रोलचा घोळ दिसतूय. भेसळ हाय बगा."

मी कार्ब्युरेटर उघडला, साफ केला, पेट्रोल बाटलीत काढून बघितलं. गाडीवर बसून साठमारीपर्यंत जाऊन आलो. सुरेख चालली. आठ दिवसांनी तात्या परत हजर. मी प्लग बदलला. मग प्लगची कॅप. फेब्रुवारीत इग्निशन कॉइल. मार्चमध्ये सीडीआय. दर वेळी गाडी दहा-बारा दिवस बरी चालायची, आम्ही सुटलो म्हणायचो आणि पुन्हा बालिंग्याच्या अलीकडं-पलीकडं ती बंद पडायची. एका सीडीआयच्या पैशात तात्यांच्या एका म्हशीची पेंड कितीतरी दिवस आली असती. पैसे ते प्रत्येक वेळी देत होते. सुटे, चुरगळलेले, दुधाचा वास येणारे.

एप्रिलमध्ये मी त्यांना सांगून टाकलं, "तात्या, गाडीत काय न्हाई. तुमचा वहीम हाय त्यो."

तात्या काही बोलले नाहीत. टोपी काढली, परत घातली. "वहीम आसंल बाबा," म्हणाले आणि गेले. नंतर तीन आठवडे ते आलेच नाहीत. मला वाटलं, बघा, वहीमच होता.

मे महिन्यात एका सकाळी ते आले ते गाडी ढकलतच. सदरा घामानं भिजलेला. त्या दिवशी गाडी तीनदा बंद पडली होती. उशीर झाला, उन्हं वर आली, एका कॅनमधलं दूध फाटलं. दोन घरांनी रतीब बंद केला. हे सगळं ते मला सांगत नव्हते, वस्तादांना सांगत होते. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

वस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. आतापर्यंत तात्यांची गाडी माझ्याकडंच होती, ते दुसऱ्या कामात असायचे. त्यांनी तात्यांना बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला आणि विचारायला लागले. गाडी कुठं बंद पडते? पहाटे येताना का घरी जाताना? हँडल सरळ असतं का वळणावर? बंद पडल्यावर हॉर्न वाजतो का? परत चालू कशी होते?

तात्या म्हणाले, "येतानाच पडती. जाताना कवा न्हाई. हॉर्न वाजतूय की चांगला. आन् चालू म्हंजी, किका मारून मारून पाय दुखत्यात. मग मी कॅन खाली काढून ठेवतो, जरा बसतो. मग हुती चालू."

वस्ताद माझ्याकडं वळले. "हे तुला सांगितलं हुतं का ह्यांनी?"

सांगितलं होतं. जानेवारीतच सांगितलं होतं. कॅन उतरवून ठेवतो आणि जरा बसतो, हे त्यांचं वाक्य माझ्या कानावर दोन-तीनदा तरी पडलं होतं. मी ते सांगण्याच्या भरातलं पाल्हाळ समजत होतो. मला 'बंद पडतीया' एवढंच ऐकू आलं, कारण मला तेवढंच ऐकायचं होतं.

वस्तादांनी दोन्ही कॅन नळाखाली लावले आणि गळ्यापर्यंत पाण्यानं भरले. शेजारचा पानवाला ओरडला, "वस्ताद, दुधात पानी बघितलं हुतं, दुधाच्या जागी पानीच बघतोय!" दोन कॅनचं 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो. दूध त्याहून थोडं जडच भरतं. कॅनचं वजन वेगळं. जवळजवळ एक धडधाकट माणूस, आणि तोही दोन्ही बाजूंना लोंबकळणारा. मी आजवर त्या गाडीवर जितक्या वेळा चक्कर मारली होती, तितक्या वेळा कॅन रिकामे होते. तात्या माझ्याकडं यायचेच मुळी रतीब संपल्यावर.

वस्ताद त्या गाडीवर, मी दुसऱ्या गाडीवर मागं. रंकाळ्यावरून फुलेवाडी, पुढं बालिंग्याचा रस्ता. पुलाच्या अलीकडं रस्ता उखणलेला होता. तिथं गाडीनं एक खड्डा घेतला, दुसरा घेतला आणि फट् करून इंजिन बंद पडलं.

मी धावत जाऊन किक मारायला पाय उचलला. वस्ताद ओरडले, "हात लावू नगंस! बंद पडलीया तशीच ऱ्हाऊ दे. चार म्हैनं हिचीच वाट बघतोय आपण."

असं कुणी म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. गाडी बंद पडल्याचा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी एकेक गोष्ट बघितली. हॉर्न वाजला, इंडिकेटर लागला. म्हणजे बॅटरीच्या बाजूनं काही नाही. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली, स्पार्क नाही. मग सीटखालच्या सीडीआयमधून फक्त एक वायर सोडवली आणि पुन्हा किक मारली. निळा स्पार्क तडतडला.

त्या काळच्या बऱ्याच शंभर सीसी गाड्यांत इंजिन बंद करण्याची पद्धत उलटी असायची. चावी फिरवली की वीज तुटत नाही. एक वायर गाडीच्या सांगाड्याला टेकते, अर्थ होते आणि सीडीआय स्पार्क देणं थांबवतो. म्हणजे ती वायर वाटेत कुठंही लोखंडाला लागली तरी गाडीला वाटतं, मालकानं चावी बंद केली. फ्यूज जात नाही, काही जळत नाही, वास येत नाही. गाडी आज्ञाधारकपणे गप्प होते.

वस्तादांनी वायर परत जोडली, स्पार्क गेला. मला म्हणाले, "उजवीकडचा कॅन उचल." मी उचलला. स्पार्क आला. "ठेव." ठेवला. स्पार्क गेला.

मग त्यांनी सीट काढली. कॅरिअरचा उजवा बोल्ट सांगाड्यातून आत आला होता, नटाच्या पुढं बोटाचं एक पेर. त्याचं टोक वायरिंगच्या पट्ट्याला भिडलं होतं. कॅन रिकामे असले की टोक जरासं लांब राहायचं. कॅन भरले, खड्डा लागला की कॅरिअर दबायचं आणि टोक आत रुतायचं. तीन-चार महिने ते असंच घासत होतं. टेप गेली, प्लास्टिक गेलं. खाली काळ्या वायरीच्या पोटातलं तांबं सोन्यासारखं चमकत होतं.

तो बोल्ट मी ओळखला.

दिवाळीच्या आधी तात्यांनी नवीन कॅरिअर आणलं होतं आणि ते बसवलं होतं मी. मापाचे बोल्ट डब्यात तीनच निघाले. चौथा एक माप लांब होता. नंतर ब्लेडनं कापू म्हणून तसाच आवळला आणि विसरलो. वस्ताद त्या दिवशी लग्नाला गेले होते, त्यांना माहीत नव्हतं. तात्यांना बोल्टचं माप कळायचं कारण नव्हतं. उखणलेल्या रस्त्याच्या कडेला आम्ही दोघंच होतो, आणि मी गप्प बसलो असतो तर कॅरिअर करणाऱ्या वेल्डरवर सगळं ढकलून मोकळं होता आलं असतं. तोंडात ते वाक्य तयारही झालं होतं. खरं सांगायचं तर एवढ्या पटकन तयार झालं की मलाच भीती वाटली.

"मी लावलाय ह्यो," मी म्हणालो.

वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. बोल्ट सोडवून त्यांनी हातात घेतला. मग म्हणाले, "बोल्टाची चूक दोन मिन्टांची हाय. हुती माणसाच्या हातनं. पर न बघता 'काय न्हाई' म्हटलास, ती चूक चार म्हैन्यांची हाय. ती बोल्टापेक्षा लांब हाय."

गॅरेजवर परत आल्यावर त्यांनी तात्यांना काहीही न लपवता सगळं सांगितलं. वायर जोडली, तिच्यावर रबरी नळी चढवली, बोल्ट कापला. मग गल्ल्यातून पैसे काढले. कॉइल, सीडीआय आणि मजुरी, सगळं. तात्या घेईनात. "पार्ट तर गाडीत बसलेतच की," म्हणाले. त्यावर वस्तादांनी तात्यांचे जुने, चांगले पार्ट परत गाडीत बसवले आणि नवे काढून घेतले. पार्टवाला ते परत घेणार नव्हता. विजेचा पार्ट परत घेतला जात नाही, अशी पाटीच असते दुकानांत. वस्तादांनी ते भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले. "हे आता आपले तपासायचे पार्ट. संशय आला तर हे लावून बघायचं, बरं झालं तरच गिऱ्हाइकाला नवीन आणाय लावायचा. आपल्या अंदाजाचं पैसं त्यानं का द्यायचं?"

हा प्रश्न मला त्या वयात हिशेबाचा वाटला. आता तो धर्माचा वाटतो. आपल्याला कळत नाही हे कबूल करायची लाज वाटते, म्हणून आपण अंदाज करतो. अंदाज चुकला तर त्याची किंमत दुसरा मोजतो. आणि सगळे अंदाज संपले की आपण त्या दुसऱ्यालाच वहिमी ठरवतो. मास्तर पोराच्या बाबतीत हे करतात, सासरची माणसं सुनेच्या बाबतीत करतात, साहेब अर्जदाराच्या बाबतीत करतो. मी तात्यांच्या बाबतीत केलं.

आमच्याकडं एक निवृत्त शिक्षक स्कूटर घेऊन यायचे. संस्कृत शिकवायचे. वस्तादांनी त्यांना ही पाण्याच्या कॅनची गोष्ट रंगवून सांगितली, तेव्हा ते बाकड्यावरून उठलेच. म्हणाले, अरे, हे तर कुमारिल भट्टांचं शास्त्र आहे. मग त्यांनी आम्हाला समजावलं. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले हे मीमांसक. ज्ञान कशाकशानं होतं, याच्या यादीत त्यांच्या परंपरेनं एक वेगळं साधन धरलं, अनुपलब्धी. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशानं कळतं? तो दिसत नाही, यानंच. पण इथं एक अट आहे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत. काळोखात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. फार तर, मला दिसला नाही, एवढंच म्हणता येतं.

"म्हंजी रिकाम्या कॅनवर चक्कर मारणं काळोखात घडा हुडकल्यागत झालं," वस्ताद म्हणाले.

गुरुजी म्हणाले, "अगदी तेच."

मी स्पार्क प्लग घासत ऐकत होतो. माझ्या डोक्यात त्या वेळी तात्या नव्हते. आई होती.

त्याच वर्षी संक्रांतीच्या सुमारास आई म्हणाली होती, मधूनच काळीज धडधडतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, मग आपोआप बरं वाटतं. मी तिला एसटीनं कोल्हापुरात आणलं होतं. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं नीट. "काय नाही, काळजी करू नका," ते म्हणाले. मी आईला म्हणालो, "बघ, काय न्हाई." पुढं तिनं एक-दोनदा तक्रार केली. तेव्हा मी वैतागून म्हणालो, "आये, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं व्हय?" त्यानंतर तिनं तो विषयच काढला नाही. तक्रार थांबली म्हणजे दुखणं थांबलं, असं मी धरून चाललो होतो. तात्या तीन आठवडे आले नव्हते, तेव्हाही मी हेच धरलं होतं.

त्या शनिवारी गावी गेलो. आई चुलीपुढं बसली होती. मी वस्तादांसारखं विचारायला लागलो. कवा हुतं? सकाळी का सांच्याला? काय करत असतीस? किती येळ टिकतं? कशानं थांबतं? ती आधी बिचकली. मग सांगायला लागली आणि थांबेचना. वाकून वैरणीचा भारा उचलला की होतं. कधी कधी नुसती बसलेली असली तरी होतं. हातातला तांब्या खाली ठेवायलासुद्धा वेळ मिळत नाही, एकदम सुरू होतं, आणि एकदम, दिवा विझल्यागत थांबतं. सहा महिन्यांत अकरा वेळा. तिनं मोजलं होतं. कुणी विचारलं नव्हतं तरी ती मोजत होती.

दुसऱ्या डॉक्टरांकडं मी हे सगळं कागदावर लिहून नेलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाले, साधी पट्टी काढतात ती काही सेकंदांची असते. त्या काही सेकंदांत धडधड झाली नाही तर पट्टीवर काय उमटणार? त्यांनी होल्टर नावाचं यंत्र लावायला सांगितलं. नॉर्मन होल्टर या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावानं ते ओळखलं जातं. छातीला तारा चिकटवायच्या, डबी कमरेला बांधायची आणि चोवीस तास आपल्या कामाला लागायचं. काय कधी झालं ते वेळेसकट लिहून ठेवायचं. आईला लिहिता येत नव्हतं, तर माझी पुतणी वही घेऊन तिच्या मागं दिवसभर फिरली. डॉक्टरांनी बजावलं होतं, झोपून राहू नका, रोजचं काम करा. मला पाण्याचे कॅन आठवले.

त्या चोवीस तासांत काही झालं नाही. निकाल सांगताना डॉक्टर 'काही नाही' असं म्हणाले नाहीत. त्यांनी लिहिलं, या चोवीस तासांत काही सापडलं नाही. पुन्हा लावू. दुसऱ्या खेपेला दुपारी भारा उचलताना झालं आणि यंत्रावर ते उमटलं. ठोके एकदम दुपटीच्या वर गेले होते. गोळ्या सुरू झाल्या. आई पुढं तेरा वर्षं होती. गेली ती दुसऱ्याच दुखण्यानं.

मला राहून राहून वाटतं, गोळ्यांपेक्षाही तिला त्या पहिल्या निकालानं बरं वाटलं असावं. यंत्रात काही आलं नव्हतं, तरी कुणी तिला खोटं ठरवलं नव्हतं.

याचा अर्थ समोरचा सांगेल ते सगळं खरं धरायचं, असा नाही. तसं केलं असतं तर तात्यांच्या सांगण्यावरून आम्ही पेट्रोल पंपावर भांडायला गेलो असतो. वस्तादांनी यावर एक साधी वाट काढलेली होती. माणूस दोन गोष्टी सांगतो, काय झालं आणि कशामुळं झालं. पहिली त्याच्या अंगावरून गेलेली असते, ती जपून ऐकायची. दुसरी त्याचा अंदाज असतो, तो आपल्या अंदाजाएवढाच कच्चा. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. त्याचा अंदाज चुकीचा निघाला की त्याचा अनुभवही फेकून देतो. भेसळ नव्हती, म्हणून गाडी बंद पडतच नव्हती!

पुढं मी स्वतःचं गॅरेज टाकलं, त्याच पेठेत. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथं 43 फूट. किती गाड्या पाण्याखाली गेल्या याला गणती नव्हती. लोकांनी त्या धुतल्या, वाळवल्या, ऑइल बदललं आणि चालू केल्या. खरा घोळ दिवाळीनंतर सुरू झाला. कपलरच्या आत पाणी मुरलं होतं आणि पिनांना हिरवा कळंक चढत होता. गाडी पहाटे बंद, दुपारी चालू. लोक म्हणायचे, पुराला चार महिने झाले, आता त्याचा काय संबंध? मी प्रत्येकाला आधी विचारायचो, पाणी कुठवर होतं? हँडलपर्यंत का सीटपर्यंत? काही जण सांगता सांगता गाडीवरून घरावर यायचे. घरात कुठवर होतं, काय काय वाहून गेलं. मी पाना खाली ठेवून ऐकायचो. मुरलेलं पाणी लगेच दिसत नाही, हे गाडीपुरतंच खरं आहे असं मला वाटत नाही.

आता गाड्या बदलल्या. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, गाड्यांत सेन्सर वाढले, स्कॅनर जोडला की मागं कधी काय चुकलं त्याचा कोड निघतो. गाडीनं स्वतःच आपली तक्रार लिहून ठेवलेली असते. मला याचं कौतुक आहे. पण कोड कुठल्या वाटेवर बिघाड झाला एवढं सांगतो. त्या वाटेवर एक बोल्ट लांब आहे आणि तो कुणी लावला, हे सांगत नाही. ते अजूनही माणसालाच सांगावं लागतं.

माझ्या हाताखालची पोरं हुशार आहेत, माझ्याहून लवकर शिकतात. मी त्यांना दोनच गोष्टींची सक्ती करतो. गिऱ्हाइकाचे शब्द वहीत जसेच्या तसे लिहायचे, पाल्हाळासकट. आणि काम करून काही हाती लागलं नाही, तर 'काही नाही' असं लिहायचं नाही. 'सापडलं नाही' असं लिहायचं, आणि कशी गाडी चालवून बघितली तेही लिहायचं. रिकामी का भरलेली, गार का तापलेली, कुठल्या रस्त्यानं.

परवा एक पोरगं वैतागून म्हणालं, "मालक, एवढं लिवत बसलो तर काम कवा करायचं?"

मी टेबलाच्या खणातनं तो बोल्ट काढून त्याच्या हातावर ठेवला. गंजलेला, एका टोकाला ब्लेडनं कापलेला. वस्तादांनी तो कापल्यावर तात्यांच्या गाडीला दुसरा, मापाचा लावला होता आणि हा माझ्या खिशात टाकला होता.

"ह्यो काय हाय?" पोरानं विचारलं.

"बस खाली," मी म्हणालो. "सांगतो."